धंद्यासाठी फोन घेतला, आता फक्त रडायचं बाकी आहे

वाळ्याचा वास | १२ मे, रात्री ११:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढून राह्यलो. आधीच सांगतो, हा 'कोणता फोन घेऊ' वाला धागा नाही. फोन घेऊन झाला, पैसे देऊन झाले, आता मन मोकळं करायचं आहे अन घरी कोणी ऐकत नाही म्हणून इथे.

माझा कूलरचा धंदा आहे. नागपुरात इतवारीत लहानसं दुकान, विक्री, दुरुस्ती, खसच्या ताट्या बदलून देणं अन लग्नासाठी जम्बो कूलर भाड्यानं. होळी झाली की सुरू, पहिला पाऊस पडला की बंद, त्या तीन महिन्यांत वर्षाचं कमवायचं असते. मे महिन्यात माझ्या फोनवर दिवसाला शंभराच्या वर कॉल येतात, बढाई म्हणून नाही सांगून राह्यलो, तोच तर प्रॉब्लेम आहे. जुना फोन सहा वर्षं चालला. मागच्या आठवड्यात बॅटरी अशी फुगली की मागचं झाकणच उचललं गेलं, दुकानातला पोरगा म्हणे काका हा खिशात ठेवू नका, फुटंल. गुरुवारी वर्धा रोडच्या एका लॉनवर चाळीस कूलर लावायचे होते अन बुधवारी सकाळी फोन गेला. मुहूर्त पाहा.

गेलो बर्डीवर (सीताबर्डीचा बाजार), मोदी नंबरवाल्या गल्ल्यांमधे. काउंटरवरचा पोरगा पहिला प्रश्न काय विचारते तर, "भैया, कॅमेरे के लिए चाहिए या गेमिंग के लिए?" मी म्हटलं, कान के लिए चाहिए. त्यानं इयरबड काढून ठेवले समोर.

आता मला काय पाहिजे होतं ते ऐका. दुकानात टेस्टिंगला तीन-चार मोटरा एकदम चालू असतात, त्या आवाजात रिंग ऐकू आली पाहिजे अन समोरचा काय बोलते ते समजलं पाहिजे. दुपारी एक वाजता कोणाच्या तरी गच्चीवर उभं राहून व्हॉट्सॲपवरचा पत्ता वाचता आला पाहिजे. दोन सिम, एक धंद्याचं एक घरचं. बॅटरी रात्री दहापर्यंत टिकली पाहिजे. अन कॉल रेकॉर्डिंग, कारण गिऱ्हाईक सकाळी फोनवर कूलरला हनीकॉम्ब पॅड सांगते अन लावून झालं की म्हणते मी तं वूडवूलच म्हटलं होतं. यातलं काही डब्यावर लिहिलेलं असते का? डब्यावर लिहिलंय पन्नास मेगापिक्सल. त्या पन्नास मेगापिक्सलनं मी जळलेल्या पंपाचा फोटो काढणार आहे.

शेवटी २४,९९९ चा घेतला (कंपनीचं नाव घेत नाही, दुकानाचंही नाही). डब्यात चार्जर नाही, तो वेगळा. काच लावून देतो म्हणे, तिचे वेगळे. इथवर ठीक होतं.

मग सिम. जुनं सिम ट्रेमधे नीट बसेना, त्याचा कोपराच तुटलेला, म्हणून त्याच नंबरचं नवीन सिम काढलं. अन इथून साडेसाती सुरू. नवीन सिम चालू झालं की २४ तास एसएमएस बंद राहतात हे मला कोणी सांगितलंच नाही. सिम चोरून पैसे काढणाऱ्यांसाठी केलेला नियम आहे म्हणे, चांगलाच आहे, पण मी माझाच नंबर वापरून राह्यलो ना बाप्पा. ओटीपी येईना. नवीन फोनवर यूपीआय सुरू करायचं तर आपल्या सिमवरून एक एसएमएस जावा लागते, तोही जाईना. दुसऱ्या दिवशी एसएमएस सुरू झाले, यूपीआय लागलं, मोटरवाल्याला चाळीस हजार पाठवायला बसलो तर पाच हजारच्या वर जाईना, नवीन फोन आहे म्हणून आणखी २४ तास थांबा. मोटरवाला म्हणते पैसे टाक मग माल सोडतो, लग्नवाला म्हणते कूलर कुठे आहेत, अन मी खिशात पंचवीस हजाराचा फोन घेऊन बँकेच्या लाइनीत उभा, स्लिप भरून राह्यलो.

व्हॉट्सॲपचा ओटीपी कॉलवर घेतला, ते जमलं. जीव भांड्यात पडला म्हणता म्हणता बॅकअप उघडला तर तो निघाला नोव्हेंबरचा. गूगलची १५ जीबी जागा कधीच भरली होती, नोटिफिकेशन येत होतं, मी पुसून टाकत होतो. म्हणजे यंदाच्या सीझनचं सगळं गेलं. कोणी किती इसार दिला, कोणत्या लॉनवर किती कूलर, गल्लीतले पत्ते, सगळं त्यात होतं. वही ठेवत नव्हतो मी. बायको म्हणे वही ठेवा, चार वर्षांपासून म्हणते.

कोणाला यातून काही मार्ग माहीत असंल तर सांगा. नसंल तर दोन शिव्या घाला, तेही चालते.

---

तर्री जास्त | १२ मे, रात्री ११:५८

कान के लिए 😂😂 भाऊ हे मी उद्या हापिसात सांगून राह्यलो तुमच्या नावानं

बाकी फोन गेल्याचं वाईट वाटलं, पन मले एक सांगा, शंभर कॉल येतात अन वही नाही? माहा बाप किराणावाला होता, त्याच्याकडे लाल वही होती, ते वही भिजली तरी वाचता येत होती

---

डबेवाली ताई | १३ मे, सकाळी ६:१०

मी खामल्यात डबे देते, सत्तरेक घरं आहेत. माझा फोन धंद्याचाच आहे त्यामुळे तुमचं वाचून अंगावर काटा आला हो भाऊ. माझं रडगाणं वेगळं. मागच्या वर्षी नवीन घेतला, तर लॉक स्क्रीनवर रोज सकाळी जाहिरात. सकाळी साडेपाचला कणकेचे हात, डब्याचा मेसेज बघायला कोपरानं फोन उघडावा तर कुठलीतरी हिरॉइन कुठल्यातरी साडीत. सेटिंगमधे जाऊन बंद करायला मुलाला एक तास लागला आणि अपडेट आलं की परत सुरू.

आणि रेकॉर्डिंगचं म्हणाल तर माझ्यात आहे, पण बटण दाबलं की बाई इंग्रजीत बोलते, 'धिस कॉल इज नाऊ बीइंग रेकॉर्डेड'. तिकडच्या आजी घाबरून फोन ठेवून देतात. एका काकूंनी विचारलं, काय गं, माझ्यावर केस केलीस का भाजी खारट म्हटलं म्हणून?

---

वाळ्याचा वास | १३ मे, सकाळी ७:०२

ताई हेच हेच! माझ्यातही तीच बाई आहे. काल एका गिऱ्हाइकाला वाटलं मी पोलिसात आहे, त्यानं भाव करणंच सोडून दिलं, तेवढा एक फायदा झाला.

---

पुणेकर पाहुणा | १३ मे, सकाळी ९:२५

नमस्कार. माझा अनुभव सांगतो, राग मानू नये. व्यवसायासाठी फोन घ्यायचा असेल तर एकदाच पैसे घालून आयफोन घ्यावा, पाच-सहा वर्षं बघावं लागत नाही, अपडेट वेळेवर येतात, जाहिराती नाहीत. २५ हजारांच्या फोनमध्ये तडजोड ही आलीच.

---

तर्री जास्त | १३ मे, सकाळी ९:३१

पाहुणे, मे महिन्यात या एकदा नागपूरले. बसस्टँडवर उतरा अन आयफोन हातात धरून बर्डीपर्यंत पायी चाला. मंग बोलू

---

बुटीबोरीचा फेरा | १३ मे, सकाळी १०:१५

@पुणेकर पाहुणा, अपडेटचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, पण तर्रीभाऊ चेष्टेत खरं बोलून गेला. ॲपलनं स्वतःच लिहून ठेवलं आहे की फोन ० ते ३५ डिग्रीत वापरावा. आमच्याकडे ३५ डिग्री म्हणजे मे महिन्यात सकाळी नऊ वाजता. दुपारी ४५. मी ट्रान्सपोर्टमधे आहे, गाडीच्या काचेला होल्डर लावून नकाशा चालू ठेवला अन वरून चार्जिंगला लावला की पंधरा मिनिटांत फोन म्हणते गरम झालो, थंड होऊ द्या, अन स्क्रीन काळी. अँड्रॉइडवाले काही वेगळे नाहीत, ते आधी ब्राइटनेस कमी करतात मग चार्जिंग थांबवतात. म्हणजे ऊन जास्त असते तेव्हाच स्क्रीन मंद होते. दुकानात एसीमधे उभं राहून स्क्रीन पाहता ना, ती तिथली असते, बाहेरची नसते.

उपाय सांगतो जे माझे जमले ते. होल्डर काचेवरून काढून एसीच्या जाळीला लावला. जाड कव्हर काढून टाकलं. गाडीत चार्जिंग फक्त सकाळी. अन गरम झालेला फोन फ्रीजमधे ठेवू नका, आमच्या एका ड्रायव्हरनं ठेवला होता, आत पाणी सुटलं अन तिथंच खेळ खलास.

आणखी एक. रिंगसाठी मी वेगळा साधा बटणाचा फोन ठेवला आहे. धंद्याचं सिम त्यात, त्याची रिंग ट्रकच्या इंजिनात ऐकू येते. व्हॉट्सॲप मोठ्या फोनवर, ओटीपी तेवढा या फोनवर येते तो टाकायचा. चार्जिंग तीन दिवस. फक्त घेताना पाहून घ्या, जिओचं सिम असंल तर फोन ४जी वाला बटणाचा लागते, जिओला २जी नाहीच, जुन्या डब्यात ते चालत नाही.

---

पुणेकर पाहुणा | १३ मे, सकाळी १०:४०

उष्णतेचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता आला. बटणाच्या फोनची कल्पना आवडली. आणि हो, नागपूरला येईन पण डिसेंबरात. (अपडेटसाठी आयफोनच पाहिजे असं नाही हेही मान्य, सॅमसंगनं एस २४ पासून आणि गूगलनं पिक्सेल ८ पासून सात वर्षांचं वचन दिलंय. पण ते महाग फोन. २५ हजारांत घेताना किती वर्षांचे सिक्युरिटी अपडेट मिळणार ते विचारून घ्यावं, बँकेचे व्यवहार त्यावरच होतात.)

---

काउंटरच्या पलीकडून | १३ मे, दुपारी २:२०

मी मोबाइलच्या दुकानात आठ वर्षं झाली काम करतो, इथल्याच. शिव्या वाचल्या. आमची बाजू ऐका थोडी.

आम्ही 'कॅमेरा की गेमिंग' विचारतो कारण दहातले नऊ जण तेच विचारत येतात. तुमच्यासारखा एखादा येतो ज्याला इयरस्पीकरचा आवाज पाहिजे. डेमो फोनमधे सिमच नसते, कॉल करून कसं दाखवणार? पण तुम्ही तुमचं सिम टाकून मागा, डेमोमधे टाकून कॉल लावून बघा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. अन फोन घेऊन पाच मिनिटं दुकानाच्या बाहेर उन्हात जा, भले आमचा पोरगा सोबत येईल. कोणी करत नाही हे. सगळे लोक सेल्फी काढून पाहतात.

फोनवर आम्हाला सुटते फार कमी, म्हणून काच, कव्हर अन इन्शुरन्स गळ्यात मारतो, खोटं कायले बोलू. अन ते 'नो कॉस्ट ईएमआय'. बँक व्याज लावतेच, बिनव्याजी ईएमआय द्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१३ मधेच बँकांना मनाई केली आहे. ते व्याज सुरुवातीला किमतीतून सूट म्हणून कापलेलं दाखवतात. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी अन वरून प्रोसेसिंग फी तुमच्या स्टेटमेंटमधे येते. हजार-पाचशे कुठून लागले म्हणून लोक आमच्याशी भांडायला येतात.

रेकॉर्डिंगचं असं, मे २०२२ पासून गूगलनं बाहेरच्या रेकॉर्डिंग ॲपांची वाट बंद केली. त्यामुळे फोनमधे जो डायलर (फोन लावायचं ॲप) येते तोच कामाचा. गूगलचा डायलर असंल तर ती बाई बोलणारच. सॅमसंगसारखे ज्यांचा स्वतःचा डायलर आहे त्यांच्यात बाई नसते. म्हणून घेताना एकच पाहायचं, फोन लावायचं जे चिन्ह आहे ते कोणाचं आहे.

आता मेन गोष्ट. भाऊ, तुमचा जुना फोन कुठे आहे? फेकला तर नाही ना?

---

वाळ्याचा वास | १३ मे, दुपारी २:४१

नाही, दुकानात पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. चालू होत नाही पण. चार्जिंगला लावू का?

---

काउंटरच्या पलीकडून | १३ मे, दुपारी २:४५

नका लावू! फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही, त्या डब्यातच असू द्या अन डबा सावलीत ठेवा, पत्र्याखाली नको.

ऐका नीट. व्हॉट्सॲप दर रात्री दोनच्या सुमारास फोनमधेच एक बॅकअप करून ठेवते, गूगल ड्राइव्हचा वेगळा, हा वेगळा. शेवटचे सात दिवस राहतात त्यात. ड्राइव्ह भरली असली तरी हा होत राहते, फक्त फोनमधे जागा पाहिजे. म्हणजे बुधवारी सकाळी फोन गेला तर बुधवारी पहाटे दोनपर्यंतचा त्यात असला पाहिजे.

फोनचं बोर्ड, म्हणजे आतलं सर्किट, रिपेअर करणाऱ्याकडे जा, काचवाला नाही, बोर्डवाला. तो बॅटरी काढून बाहेरून पॉवर सप्लाय देऊन फोन उठवते, किंवा नवीन बॅटरी टाकते. फोन उठला की फाइल मॅनेजरमधे अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सॲप बिझनेसचं फोल्डर, ते पूर्ण कॉपी करायचं कॉम्प्युटरवर. नवीन फोनवर बिझनेस ॲप काढून टाकायचं, ते फोल्डर त्याच जागी ठेवायचं, मग ॲप परत टाकून तोच नंबर द्यायचा, तो विचारते बॅकअप सापडला आहे, रिस्टोअर करू का. हो म्हणायचं. घाईत 'स्किप' दाबलं तर परत पहिल्यापासून.

एक धोका आहे. बुधवारपासून आजपर्यंत नवीन फोनवर जे चॅट झाले ते उडतील, कारण जुना बॅकअप त्याच्यावर बसते. ते आधी एक्सपोर्ट करून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा.

अन जुना फोन नुसता चालू असता ना, तर यातलं काहीच लागत नव्हतं. दोन्ही फोन एका वायफायवर ठेवून चॅट ट्रान्सफरचा क्यूआर स्कॅन केला की सगळं येते, ड्राइव्ह लागतच नाही. २०२३ पासून आहे हे. लोक फोन मरेपर्यंत थांबतात.

---

डबेवाली ताई | १३ मे, दुपारी ३:१०

मी आत्ताच्या आत्ता माझा बॅकअप कधीचा आहे ते पाहिलं. सांगत नाही.

---

धंतोलीची सीए | १३ मे, रात्री ९:३०

सगळे चॅटच्या मागे आहेत, मला बिलाची चिंता लागली. वाळ्याचा वास, बिल कोणाच्या नावानं घेतलंत? फर्मच्या की स्वतःच्या? जीएसटी नंबर टाकला का?

---

वाळ्याचा वास | १३ मे, रात्री ९:५२

माझ्या नावानं आहे मॅडम. घाईत होतो, त्यानं नाव विचारलं, मी सांगितलं. फर्म जीएसटीत रजिस्टर्ड आहे, रेग्युलरमधे.

---

धंतोलीची सीए | १३ मे, रात्री १०:२०

वाटलंच. माझ्याकडे दर वर्षी असे चार-पाच येतात मार्चमधे बिलांचा गठ्ठा घेऊन.

फोनवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. तुमच्या २४,९९९ मधे ३,८१३ रुपये टॅक्स आहे. फर्मच्या नावानं, तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) टाकून बिल असतं तर ते ३,८१३ इनपुट क्रेडिटमधे आले असते, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा झाले असते. तुमच्या नावाच्या साध्या बिलावर एक रुपया नाही.

पण अजून वेळ गेलेली नाही, फोन याच महिन्यातला आहे. दुकानदारानं या महिन्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायच्या आत, म्हणजे महिन्याला भरत असेल तर ११ जूनच्या आत जाऊन सांगा, जुनं बिल रद्द करून फर्मच्या नावानं नवीन दे. कुरकुर करेल. नंबर पंधरा अक्षरी, आपल्याकडचा २७ नं सुरू होतो, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तुमच्या जीएसटीआर-२बी मधे (पोर्टलवरची तुमच्या खरेदीच्या बिलांची यादी) ते बिल दिसणार नाही, आणि तिथे दिसल्याशिवाय क्रेडिट घेऊ नका. ऑनलाइन घेणाऱ्यांनी पण बघावं, सगळेच विक्रेते जीएसटी बिल देत नाहीत, आधी टिक करावं लागतं.

इन्कम टॅक्समधे घसारा १५ टक्के मिळेल, कॉम्प्युटरचा ४० नाही, फोन कितीही स्मार्ट असला तरी. आणि टॅक्सचं क्रेडिट घेतलं तर घसारा टॅक्स वगळून २१,१८६ वर. दोन्हीकडून खायला मिळत नाही. तुम्ही उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून रिटर्न भरत असाल (४४एडी म्हणतात ते) तर हा घसाऱ्याचा हिशेबच वेगळा लागत नाही.

---

बुटीबोरीचा फेरा | १३ मे, रात्री १०:३३

मॅडम एक शंका, जुना फोन एक्सचेंजमधे दिला तर टॅक्स कमी झालेल्या किमतीवर लागते का?

---

धंतोलीची सीए | १३ मे, रात्री १०:४५

नाही. आणि गंमत म्हणजे जीएसटीच्या नियम २७ मधे उदाहरणच फोनचं दिलंय. जुना फोन देऊन नवीन २०,००० ला मिळाला आणि एक्सचेंज नसता तर २४,००० ला होता, तर टॅक्ससाठी किंमत २४,००० धरायची.

एक इशारा पण देते, कारण लोक मला नंतर विचारतात आधी का नाही सांगितलं. फर्मच्या नावानं बिल घेतलं आणि उद्या फोन बिघडला, कंपनी ऐकेना, ग्राहक आयोगात जायचं झालं, तर समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो की वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या कायद्यात सूट आहे, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरत असाल तर ग्राहक धरतात. छोट्या दुकानदाराला हे सांगता येतं. पण सांगावं लागतं. ३,८१३ सोडावे का याच्यासाठी? मी तरी सोडणार नाही.

---

तर्री जास्त | १३ मे, रात्री १०:५१

म्हणजे धंद्याचा फोन बिघडला तं मी गिऱ्हाईक नाही अन नाही बिघडला तं मले क्रेडिट. जबरदस्त आहे हे

---

वाळ्याचा वास | १५ मे, रात्री ११:१५

अपडेट.

बोर्डवाला मिळाला बर्डीलाच, एका जिन्याखाली टेबल टाकून बसते, डोळ्याला भिंग लावून. त्यानं बॅटरी काढली, दोन वायरी लावल्या अन फोन उठला. मी सांगतो मंडळी, माझ्या पोरीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता (पोरगी इथे वाचत नाही). स्क्रीनवर हिरव्या रेघा होत्या पण फोल्डर दिसत होतं. त्यानं पाचशे घेतले. मी सहाशे दिले.

काउंटरवाल्या भावानं सांगितलं तसंच केलं. आधी पाच दिवसांचे चॅट एक्सपोर्ट करून मेलवर पाठवले. मग ॲप काढलं, फोल्डर टाकलं, ॲप परत टाकलं. 'रिस्टोअर' आलं तेव्हा हात कापत होता, बायकोला म्हटलं तू दाब. सगळं आलं. मार्चपासूनचं. एका लॉनवाल्याचा अकरा हजाराचा इसार मी साफ विसरलो होतो, त्यालाच परत मागणार होतो मी, विचार करा.

फोटो काही आले नाहीत, व्हिडिओ पण थोडेच आले, ते फोल्डर कॉपी होता होता अर्ध्यात तुटलं. चालते.

बिलासाठी गेलो. दुकानवाला आधी म्हणे सिस्टिममधे होत नाही. मग मी सीए मॅडमनं लिहिलेलं वाचून दाखवलं, तर म्हणे मालक आल्यावर करतो. मालक संध्याकाळी आले, दोन मिनिटात करून दिलं, चहा पण पाजला. ज्या पोरानं इयरबड काढले होते तो कोपऱ्यात उभा होता, त्याला म्हटलं आता कान के लिए दाखव, तर त्यानं बटणाचा फोन काढला! ४जी वाला. घेतला. धंद्याचं सिम आता त्यात आहे, चारही मोटरा चालू असताना रिंग ऐकू येते, शेजारच्या भांडेवाल्यालाही ऐकू येते, तो शिव्या घालते. पंचवीस हजाराचा आता फक्त व्हॉट्सॲप अन यूपीआयला.

यूपीआयचं पण कळलं एक. लिमिट फक्त पाठवायला होतं. काउंटरवरच्या क्यूआरवर पैसे येतच होते पूर्ण वेळ, मी उगीच दोन दिवस गिऱ्हाइकांना नगद मागत होतो.

जुन्या फोनचं काय करावं? एकजण हजार रुपये देऊन राह्यला.

---

काउंटरच्या पलीकडून | १६ मे, सकाळी १०:०५

वा! ऐकून बरं वाटलं. बोर्डवाला कोण ते कळलं मला जिन्याच्या वर्णनावरून 😀

हजाराला देऊ नका असाच. बोर्डवाल्याकडूनच परत उठवा, गूगल अकाउंट काढा, मग फॅक्टरी रिसेट. त्यात तुमच्या गिऱ्हाइकांचे पत्ते अन बँकेचे मेसेज आहेत. अन कोणी सेकंडहँड घेणार असंल तर त्यानं *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) घ्यावा अन केवायएम लिहून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करावा, चोरीचा ब्लॉक केलेला असंल तर कळते. फुगलेली बॅटरी मात्र कचऱ्यात टाकू नका, सर्व्हिस सेंटरमधे किंवा ई-कचरावाल्याकडे द्या.

---

डबेवाली ताई | १६ मे, दुपारी १२:३०

मी वही घेतली. लाल. तर्रीभाऊंच्या वडिलांची आठवण म्हणून.

---

तर्री जास्त | १६ मे, दुपारी १२:४४

ताई 🙏

वाळ्याचा वास भाऊ, सगळं निपटलं असंल तं एक काम होतं. आमचा कूलर कालपासून नुसती गरम हवा फेकून राह्यला. मानेवाड्यात आहे मी. नंबर व्यनि (खासगी निरोप) करा ना

---

वाळ्याचा वास | १६ मे, दुपारी १:०८

केला व्यनि. आधी हे सांगा, पंप चालू होऊन पाणी वर चढत नाही की पंपच फिरत नाही? पाइपात कचरा अडकला असंल तर घरीच निघंल. व्हिडिओ काढून पाठवा व्हॉट्सॲपवर, आवाज आला पाहिजे फक्त, पन्नास मेगापिक्सल नको.